करुणा झोपल्याची वार्ता

देवाला सगळं ठाऊक असतं, तर मंडळीत उभं राहून सांगायचं कशाला, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षं होता. कोणाला विचारला नाही. विचारायचा म्हटला तरी तोंड उघडावं लागलं असतं.

आमच्या ख्रिस्ती देवळात रविवारी एक रीत आहे. दुसरं गीत झालं की पाळकसाहेब पुस्तक मिटतात, चष्मा काढून हातात धरतात आणि विचारतात, "कोणाची काही वार्ता?" मग ज्याच्या घरी जे घडलं असेल ते तो उभा राहून सांगतो. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या मुलाचं पलटणीतून पत्र आलं, कोणाची शेळी हरवून सापडली. आजार, सोयरीक, परीक्षा, सगळं तिथे येतं, आणि त्यानंतरची मोठी प्रार्थना त्या वार्तांचीच असते. आमची मार्थाकाकू तर दर रविवारी न चुकता आपला उजवा गुडघा प्रार्थनेला देते. ती उठू लागली की मागच्या बाकावरची पोरं हळूच म्हणतात, "आला, गुडघा आला." काकूला ते ऐकू जातं, पण ती सांगायचं सोडत नाही.

मी मात्र लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून कधी उभी राहिले नव्हते. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसं बघितली की मी बोलायचंच विसरते. आमच्या घरची वार्ता असली तर ती आमचे हे सांगत. ते गावच्या शाळेत मास्तर आहेत, त्यांना बोलायची सवय. मी खाली मान घालून पदराचं टोक मुडपत बसायची आणि मनात म्हणायची, देवा, तुला ठाऊक आहे ना, मग झालं.

दुष्काळाच्या त्या सालात आमची करुणा आजारी पडली. सात वर्षांची होती. विहिरी आटलेल्या, टँकरचं पाणी, गावात खूप जणांना ताप. आधी साधा ताप म्हणून गावातलंच औषध दिलं. उतरेना, तेव्हा एस.टी.नं नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुदतीचा ताप आहे, टायफॉइड, ठेवून घ्यावं लागेल. निघताना हे म्हणाले होते, "पाळकबाईंना सांगून जाऊ." मी म्हटलं, "कशाला त्यांना घोर? बरी झाली की सांगू." दोन दिवसांत परत येऊ असं मला वाटलं होतं. मंडळीला एवढंच कळलं की मास्तरांची मुलगी दवाखान्यात आहे.

दवाखान्यात दिवस जाऊ लागले आणि ताप काही हटेना. सगळ्यांत वाईट म्हणजे पोर झोपेना. डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले, आणि हातानं चादरीवरून काहीतरी वेचत राही, जसं धान्यातले खडे वेचावे तसं. "काय वेचतेस गं?" विचारलं तर माझ्याकडे बघे, पण ओळखत नसे. मी तिचा हात धरून प्रार्थना करायची. पण माझी प्रार्थनाही माझ्यासारखीच. चार शब्द झाले की अडकायची. शेजारच्या खाटेवरची बाई मोठ्यानं देवीला आळवायची, आणि मला वाटे, हिची हाक वर पोचत असेल, माझी छपरापर्यंतही जात नसेल. देव आहे हे मला ठाऊक होतं. पण माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या बाईचं त्याला ऐकू जातं का, याची मला शंका वाटायला लागली. त्या दिवसांइतकी एकटी मी कधीच नव्हते.

मग एका शनिवारी दुपारी तिला दरदरून घाम आला. झगा भिजला, उशी भिजली. अंग गार लागलं म्हणून मी घाबरून सिस्टरला बोलावलं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाडी धरली आणि हसल्या. म्हणाल्या, "ताप उतरतोय. झोपू द्या तिला. मुळीच उठवू नका." करुणाचे डोळे मिटले होते. हात चादरीवर स्वस्थ पडला होता. इतक्या दिवसांनी माझं लेकरू झोपलं होतं. मी खाटेच्या कडेला बसून आवाज न करता रडले.

संध्याकाळी आमचे तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या गावचे शेतकरी, मराठा, चांगली जमीन असलेले. त्यांचं शेत आमच्या देवळाला आणि दफनभूमीला लागून आहे. त्यांच्या विहिरीला पाणी होतं तोवर आम्ही तिथूनच पाणी आणायचो. आमच्या हंड्यात ते वरून ओतावं लागे, आमची घागर विहिरीत चालत नसे. पण ओतायला तात्या स्वतः येत, गड्याला सांगत नसत. माणूस मनानं मोठा. विहिरीवरच्या मोटारीचा काही भाग न्यायला ते नगरला आले होते, रात्री बहिणीकडे राहून सकाळच्या गाडीनं परतणार होते. संध्याकाळी पुरुषांना बायकांच्या खोलीत सोडत नाहीत म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले. हे दूध आणायला गेले होते.

"वैनी, पोरगी कशी हाय?" तात्यांनी विचारलं.

माझे डोळे पुन्हा भरले. मी पदर तोंडाला लावला आणि जेवढं बोलता आलं तेवढं बोलले. "झोपली, तात्या. दुपारी. देवानं ऐकलं. आता तिला काही त्रास नाही."

तात्यांनी डोक्याची टोपी काढली. मला वाटलं, उकाड्यानं काढली. मग म्हणाले, "त्याची मर्जी. तुमी धीर सोडू नगा. मी सकाळच्या गाडीनं जातो, पाळकसायबांना सांगतो. समद्यांना घिऊन येतो बगा. तुमाला एकटं पडू द्यायचो न्हाई." मी मान हलवली. एवढ्या सगळ्यांना कशाला आणायचं, असं मनात आलं, पण माणूस मायेनं बोलत होता. मी नको म्हणू शकले नाही.

आमच्या लोकांत माणूस मेलं असं म्हणत नाहीत. प्रभूत झोपी गेलं म्हणतात. आमच्या दफनभूमीत प्रत्येक दगडावर तेच लिहिलेलं आहे, अमका प्रभूत झोपी गेला, अमकी प्रभूत झोपली. तात्या दुपारी बैल सोडून त्याच दगडांच्या सावलीला भाकर खातात. आमची भाषा त्यांना आमच्याइतकीच येते. ते काय समजून गेले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी देवळात काय घडलं ते मला मार्थाकाकूनं पुढे कितीतरी वेळा सांगितलं, त्यामुळे मी तिथे असल्यासारखंच मला दिसतं. दुसरं गीत संपलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाची काही वार्ता?" काकू गुडघ्यावर हात ठेवून उठतच होती, तेवढ्यात दारात तात्या उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. देवळाच्या आत ते कधी आले नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, "या तात्या, आत या." तात्या उंबऱ्यातच थांबले.

"पाळकसायेब, वार्ता हाय. पर चांगली न्हाई. मास्तरांची करुणा... तुमच्या देवात झोपली. काल दुपारी. वैनी एकल्याच व्हत्या वो तिथं."

काकू म्हणते, उपासना तिथेच थांबली. मग घंटा वाजवली, मेल्यावर वाजवतात तशी, थांबून थांबून. चार जण दफनभूमीत खणायला गेले. जमीन इतकी वाळली होती की पहारीतून ठिणग्या उडत होत्या. योहानकाका सुतार, त्यांनी घरातल्या फळ्या काढून लहान पेटी ठोकली. बायकांनी दुखवट्याच्या घरी नेतात तशा भाकरी बांधल्या, सरकारनं वाटलेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, कारण त्या साली दुसरं धान्य नव्हतंच. दुष्काळी कामावरचा खडीचा ट्रक गावात उभा होता. तात्यांनी ड्रायव्हरला शब्द टाकला. झाडून सगळी मंडळी, पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, पाळकसाहेब, पाळकबाई, त्या ट्रकमध्ये चढली, मागून तात्याही. माझ्या नजरेला पडू नये म्हणून काकूनं पेटीवर गोधडी टाकली होती.

इकडे दवाखान्यात रविवारी सकाळी करुणा जागी झाली होती. तिनं मला ओळखलं, पेज मागितली. मी तर स्वर्गातच होते. आणि दुपारी एकाएकी तिचा चेहरा पांढरा पडला. सिस्टर आली, तिनं चादर बाजूला केली आणि धावतच गेली. पोरीच्या पोटातून रक्त जात होतं. या तापात कधीकधी असं होतं, आतडं दुखावलेलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "रक्त चढवावं लागेल. लगेच." दवाखान्यात तिला चालेल असं रक्त शिल्लक नव्हतं. माझं तपासलं, जुळलं नाही. ह्यांना आदल्या सालीच कावीळ झाली होती, ह्यांचं घ्यायला डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. "नातेवाईक आणा," म्हणाल्या, "जेवढे मिळतील तेवढे आणा." नातेवाईक कुठून आणायचे? माझं माहेर मिरजगावकडे, ह्यांचे भाऊ मुंबईला. गावाला निरोप जाऊन माणसं यायची म्हणजे दुसरा दिवस. हे शहरात कोणी ओळखीचं मिळतं का बघायला धावत बाहेर पडले.

मी खाटेपाशी उभी होते. करुणाचा हात माझ्या हातात मेणासारखा लागत होता. मी प्रार्थना करायला गेले आणि एकही शब्द आला नाही. पूर्वी चार तरी यायचे. त्या दिवशी काहीच नाही. तेव्हा मी फक्त तो हात उचलून थोडा वर धरला, जसं मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यावं तसं. माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं.

आणि बाहेर रडण्याचा आवाज आला.

एका माणसाचा नाही, पुष्कळ बायकांचा. मी व्हरांड्यात आले. फाटकातून आमची सगळी मंडळी आत येत होती. धुळीनं माखलेली, पांढरी लुगडी, डोळे सुजलेले. मला काहीच उमजेना. मनात आलं, यांना कसं कळलं? आत्ता तर रक्त जायला लागलं, आणि ही माणसं गावाहून आलीसुद्धा? मार्थाकाकू सगळ्यांच्या पुढे होती. तिनं मला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "कशी गं माझी चिमणी उडाली! सोन्यासारखी पोर गं!"

"काकू," मी म्हटलं, "ती आत आहे."

"आत हाय ना बाई. एकदा तोंड बगू दे तिचं."

सिस्टर नको नको म्हणत असताना काकू आत घुसली. खाटेजवळ जाऊन तिनं करुणाच्या कपाळावर हात ठेवला. करुणानं डोळे उघडले. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काकू, तू का रडतीस?"

काकू मटकन फरशीवर बसली. तो गुडघा, जो कधी वाकत नव्हता, तो कसा वाकला कोण जाणे. मग दाराकडे बघून ती ओरडली, "जिती हाय! अवो पाळकसायेब, जिती हाय!"

व्हरांड्यातलं रडणं एकदम थांबलं. तशी शांतता मी त्यापूर्वी कधी अनुभवली नव्हती, देवळातही नाही. पाळकबाई जिथे उभ्या होत्या तिथेच हळूच गुडघे टेकून बसल्या, आणि मग एकेक जण टेकत गेला. त्या शांततेत कोणीतरी उभं आहे असं मला वाटलं. कोण ते मी सांगू शकत नाही. मी मान वर केली नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई घाईनं आल्या. एवढी माणसं बघून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, आलात! सगळे रक्त द्यायला आलात ना?"

कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. रक्ताचं नाव त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पण मागून तात्यांचा आवाज आला, "व्हय."

मग एकेकाला तपासायला नेलं. ज्यांचं जुळलं त्यांत एक मार्थाकाकू निघाली आणि एक तात्या. तात्यांचं नाव पुकारल्यावर योहानकाका त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "तात्या, घरी तुमची म्हातारी आई काय म्हनंल? आमच्या पोरीला तुमचं रगत..."

"म्हातारीला कोन सांगतंय?" तात्या बाही वर करत म्हणाले. "आन सांगितलं तरी काय? सकाळी म्या त्या लेकराला जित्तेपणी मारलं. आता थोडं तरी भरून दिऊ द्या."

काकू खाटेवर पडल्या पडल्या सिस्टरला सांगत होती, "इतकी वर्सं मंडळीनं माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली बाई. गुडघा हाय तसाच हाय. पर रगत बगा कसं लाल निघालं!" सिस्टर हसली. मी हसले आणि तिथेच भिंतीला टेकून रडले.

बाटली लावली. नळीतून थेंब पडायला लागला. मी तिच्या पायाशी बसून तो थेंब बघत होते. ज्या विहिरीला आमची घागर लागत नव्हती त्या विहिरीच्या मालकाचं रक्त माझ्या मुलीच्या हातात उतरत होतं, आणि कोणीही वरून ओतत नव्हतं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. अजूनही दाखवत नाही. इथे लिहिते एवढंच.

संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात सगळे." पाळकसाहेब व्हरांड्यात उभे राहून प्रार्थना करायला लागले. त्यांना बोलण्याची केवढी हातोटी, पण त्या दिवशी त्यांचाही शब्द माझ्यासारखाच अडकला. एवढंच म्हणाले, "प्रभू, मी पुरायच्या तयारीनं आलो होतो. तू माझं ऐकलं नाहीस. तुझे उपकार." आणि आमेन. मग सगळ्यांनी फाटकाबाहेर लिंबाखाली बसून त्या दुखवट्याच्या भाकरी खाल्ल्या. आम्हीही खाल्ल्या. ट्रकमधल्या गोधडीखाली काय आहे ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पुढे करुणाला घरी आणलं, तेव्हा मंडळीनं उपकारस्तुतीची उपासना ठेवली. दुष्काळात कोण काय आणणार? कोणी दुष्काळी कामावर मिळालेली वाटीभर सुकडी आणली, कोणी गुळाचा खडा. पाळकसाहेबांनी तात्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. या वेळी ते आत येऊन पहिल्या बाकावर बसले. वार्तेची वेळ झाली तेव्हा पाळकसाहेब त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मागची वार्ता तुम्ही आणली होती. आजचीही तुम्हीच सांगा. पण नीट चौकशी करून." सगळं देऊळ हसलं. तात्या उठले, करुणाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्या सोता हात लावून बगितलंय. जिती हाय." एवढंच बोलले आणि खाली बसले. त्यानंतरचं गीत आम्ही ज्या आवाजात म्हटलं तसं ते पुन्हा कधी म्हटलं गेलेलं मी ऐकलं नाही.

आता त्या गोष्टीला थोडा काळ लोटला आहे. मी पुष्कळदा विचार करते. मी त्या संध्याकाळी चारचौघींसारखी स्वच्छ, मोठ्यानं बोलले असते, "ताप उतरला, गाढ झोपली आहे," तर तात्या खूष होऊन शेतावर गेले असते आणि रविवारी दुपारी त्या व्हरांड्यात कोणीच आलं नसतं. माझी जी गोष्ट मला सगळ्यांत उणी वाटत आली, त्या अर्ध्या तुटक्या बोलण्यातूनच हे सगळं आलं. याला काय म्हणायचं ते शिकलेल्यांनी म्हणावं. काहीजण म्हणतात, योगायोग. आमचे हे म्हणतात, देवाची योजना. मी दोन्हींवर काही बोलत नाही. मी फक्त तिथे होते. मला एवढंच दिसलं की देवाला आधीच ठाऊक होतं, पण ओंजळ पुढे करायला, बाही वर करायला माणसं लागतात, आणि ती माणसं त्यानं मी न मागता, मला न कळता, ट्रकमध्ये बसवून पाठवली. आता देवळात दुसऱ्यांच्या वार्ता चालू असतात तेव्हा मी त्या लक्ष देऊन ऐकते. शेळीची असली तरी ऐकते. कोणाची वार्ता कोणासाठी निघालेली असते, कोणाला ठाऊक?

मी स्वतः अजून उभी राहिलेली नाही. कदाचित राहणारही नाही. पण आता त्याचं दुःख वाटत नाही.

करुणा आता धडधाकट आहे, शाळेत जाते, भांडते. दुपारी खेळून दमली की घोंगडीवर आडवी होते आणि तिला लगेच झोप लागते. ती झोपली की माझं मन अजून दचकतं. मी हातातलं काम टाकून जाते आणि तिच्या नाकापाशी हात धरते. ऊन श्वास बोटांना लागतो. देवा, तुझे उपकार, असं म्हणते. आधी मी तो हात कितीतरी वेळ तसाच धरून बसायची. आता श्वास लागला की काढून घेते आणि कामाला जाते. माझ्या हातानं तिचा श्वास चालत नाही, हे मला रोज थोडं थोडं शिकावं लागतं.